थर्मोस्टॅट बदलण्याआधी घरातली दुपार पाहा

वाचकाचे पत्र, थोडक्यात : इंग्लंडमधील रेडिंग येथून एका भगिनींनी हे पत्र पाठवले आहे. त्या आणि त्यांचे यजमान दोघेही नोकरी करतात. यजमान आठवड्यातून चार दिवस लंडनला कार्यालयात जातात आणि त्या स्वतः तीन दिवस. घर १९३० च्या दशकातले, एका बाजूने शेजाऱ्यांच्या घराला जोडलेले आणि तीन बेडरूमचे आहे. स्वयंपाकघरात आधीच्या मालकांनी २०१९ मध्ये बसवलेला गॅसचा कॉम्बी बॉयलर (टाकी न लागता घर आणि नळाचे पाणी दोन्ही तापवणारे यंत्र) आहे. जेवणाच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या भिंतीवर, गोल चकतीचा जुना थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानानुसार बॉयलर चालू-बंद करणारे यंत्र, आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचे सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी राहायला आले, आणि तेव्हापासून त्या चकतीवरून घरात रोज धुसफूस होते. यजमान सकाळी निघताना ती १८ वर ठेवतात, दुपारी कुणीतरी ती २८ वर नेते, आणि संध्याकाळी ती पुन्हा खाली येते. गॅसचे बिल गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट झाले आहे. (सासरे दुपारी पुढच्या खोलीत हातमोजे घालून वाचत बसतात, असेही त्यांनी कंसात लिहिले आहे. त्याच खोलीतल्या रेडिएटरवर, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पेटीवर, सासूबाई कपडे वाळत घालतात.) यजमानांचे म्हणणे असे की २०० पौंड खर्चून स्मार्ट थर्मोस्टॅट घ्यावा, म्हणजे कार्यालयातूनच फोनवर तापमान सांभाळता येईल आणि बिल खाली येईल. न्यू जर्सीतल्या चुलत भावाने तो स्वतःच बसवला, त्याचा व्हिडिओ पाहून आपणही बसवू, असे ते म्हणतात. वीज-गॅस कंपनी स्मार्ट मीटर फुकट देते आहे, मग थर्मोस्टॅटची गरज उरते का, हाही प्रश्न आहे. भगिनींना भीती वाटते ती वेगळीच : म्हाताऱ्या माणसांवर फोनवरून लक्ष ठेवल्यासारखे तर होणार नाही ना?

ताई,

तुमच्या पत्रात बिलाचा उल्लेख तीन वेळा आहे आणि सासऱ्यांच्या हातमोज्यांचा एकदाच, तोही कंसात. मला मात्र उत्तराची सुरुवात त्या हातमोज्यांपासूनच करावीशी वाटते. ज्या घरात थर्मोस्टॅटची चकती २८ वर आहे, त्याच घरात एक माणूस भर दुपारी हातमोजे घालून बसतो, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात? याचे उत्तर सापडले की कोणता थर्मोस्टॅट घ्यावा हा प्रश्न बराच सोपा होईल. ते न शोधता घेतलेले यंत्र कितीही हुशार असले, तरी तुमची दुपार आहे तशीच राहील.

तुमच्या घरी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास काय होत असेल ते मी पत्रावरून जुळवून पाहते आहे, चुकत असेल तर सांगा. यजमान चकती १८ वर ठेवून गेलेले असतात. सासूबाई स्वयंपाकाला लागतात. शेगडीवर तवा आहे, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत आहेत. ती सगळी ऊब दारातून जेवणाच्या खोलीत येते आणि नेमकी थर्मोस्टॅटच्या भिंतीवर आदळते. त्याला वाटते, घर १८ अंशांच्या वर गेले, काम झाले. तो टक्‌ असा आवाज करतो आणि बॉयलर बंद होतो. पुढची खोली तिकडे दूर, तिची मोठी खिडकी रस्त्याकडे, आणि तिथे तासाभरात तापमान किती उतरते हे त्या चकतीला कधीच कळत नाही, कारण ती फक्त स्वतःच्या भोवतालची हवा मोजते. सासऱ्यांना थंडी वाजते, ते उठून येतात आणि चकती २८ वर नेतात. आता जेवणाच्या खोलीत २८ अंश होईपर्यंत बॉयलर थांबणार नाही, आणि ते तर कधी होणारच नाही. मग वरच्या मजल्यावरच्या तिन्ही रिकाम्या खोल्या तापत राहतात आणि स्वयंपाकघरात सासूबाईंना इतके उकडते की त्या खिडकी उघडतात. पुढच्या खोलीतला रेडिएटर मात्र कोमटच राहतो.

तो कोमट का राहतो, याचे कारण बहुधा त्यावर वाळत घातलेले कपडे हेच आहे. रेडिएटरच्या एका टोकाला १ ते ५ आकडे असलेली टोपी असते, ती पाहा. तिच्या आत मेण किंवा द्रव भरलेले असते. खोली तापली की ते फुगते आणि गरम पाण्याची वाट बंद करते. त्या टोपीवर ओला टॉवेल किंवा साडीचा पदर आला की आतली ऊब तिथल्या तिथे कोंडली जाते, टोपीला खोली तापल्याचा भास होतो आणि ती पाणी अडवते. खोली गार, टोपी समाधानी, आणि माणूस हातमोज्यांत. शिवाय कपड्यांतले पाणी हवेत जाते, ते रात्री थंड भिंतीवर जमते आणि फेब्रुवारीत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणून, फारसा खर्च न करता करण्याची पहिली गोष्ट ही की कपड्यांसाठी घडीचा स्टँड आणून तो खिडकी थोडी उघडी ठेवता येईल अशा खोलीत ठेवा, त्या खोलीचे दार लावून घ्या, आणि ही टोपी नेहमी मोकळी राहू द्या. सासूबाईंना हे सांगताना ‘कपडे वाळत घालू नका’ असे म्हणू नका. टोपी दाखवा आणि ती काय करते ते सांगा. ज्यांनी आयुष्यभर घर चालवले आहे, त्यांना कारण कळले की पुढचे सांगावे लागत नाही.

चकतीचेही तसेच आहे. आपल्याकडे घरात भिंतीवरचे गोल फिरवायचे बटण म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. जास्त फिरवले की पंखा जास्त जोरात फिरतो. त्याच सवयीने थंडी जास्त वाजली की चकती जास्त फिरवली जाते. प्रत्यक्षात ती जोर ठरवत नाही, फक्त कुठे थांबायचे ते ठरवते. २१ वर ठेवले काय नि २८ वर ठेवले काय, घर २१ पर्यंत पोहोचायला तितकाच वेळ लागतो. तुमच्या घरात हे आजवर कुणी कुणाला नीट समजावले नसावे. यजमानांनी चकती खाली आणली आणि सासऱ्यांनी वर नेली, इतकाच तो संवाद झाला आहे.

आता यजमानांच्या गृहीतकाकडे येते. स्मार्ट थर्मोस्टॅट स्वतः गॅस वाचवत नाही. तो गॅस जाळण्याची वेळ नेमकी करतो. त्याच्या जाहिरातीतली बचत मुख्यतः अशा घरातून येते, जिथे सगळे सकाळी बाहेर पडतात आणि तरीही बॉयलर दिवसभर चालू राहतो. तुमचे घर या सहा महिन्यांत एक तासही रिकामे नसते. म्हणून दुसऱ्या कुणाच्या घरात झालेल्या बचतीचा आकडा तुमच्या घराला लावू नका.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे आणि ती मी तुम्हाला कळकळीने सांगते. या यंत्रांत एक सोय असते : घरातल्या लोकांचे फोन घरापासून लांब गेले की यंत्र ‘घरी कुणी नाही’ असे समजून तापमान उतरवते. ते माणसे मोजत नाही, ज्यांच्यावर ॲप आहे ते फोन मोजते. तुम्ही आणि यजमान दोघेही कार्यालयात गेलात की तुमच्या घरातले दोन्ही फोन बाहेर गेले. सासू-सासऱ्यांचे सांगलीहून आणलेले फोन त्या यादीत नाहीत. म्हणजे जानेवारीच्या एखाद्या मंगळवारी सत्तरीतली दोन माणसे घरात बसलेली असताना घर स्वतःला रिकामे समजून गार पडेल. कुणाची चूक नाही, कुणाचा वाईट हेतू नाही. आणि बहुधा ते तुम्हाला फोनही करणार नाहीत. माझी आई माझ्याकडे पहिल्यांदा हिवाळ्यात राहिली तेव्हा तीन आठवडे शाल डोक्यावरून घेऊन बसत असे. मी विचारले तर म्हणे, ‘इथली थंडी अशीच असते, नाही का?’ तिच्या खोलीतला रेडिएटर खालून बंद होता. मी स्वतः हात लावून पाहीपर्यंत ते मला कळले नाही.

उगाच लाड म्हणून हे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या आपल्या घरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे असे म्हटले आहे, आणि वृद्धांसाठी त्याहून थोडे जास्त लागू शकते हेही तिथे नोंदवले आहे. इंग्लंडची आरोग्य यंत्रणाही दिवसाचा बराच वेळ ज्या खोल्यांत जातो त्या किमान १८ अंशांवर ठेवायला सांगते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हातारपणी शरीराला थंडीची जाणीवही उशिरा होते. सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर या गोष्टीचे वजन आणखी वाढते. तेव्हा यजमानांचा १८ हा आकडा चुकीचा नाही. तो खालचा काठ आहे, आणि जेवणाच्या खोलीतल्या १८ मुळे पुढच्या खोलीतही १८ आहेत याची काहीच खात्री नाही. एका जागी बसून वाचणाऱ्या वृद्ध माणसासाठी दिवसा २० ते २१ धरणे रास्त आहे.

म्हणून यंत्राची मागणी नोंदवण्याआधी एक काम करा. दोन-तीन साधी थर्मामीटरे आणा. किराणा-भांड्यांच्या दुकानातही स्वस्तात मिळतात. एक पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या खुर्चीजवळ ठेवा, एक थर्मोस्टॅटच्या शेजारी, एक त्यांच्या बेडरूममध्ये. तीन दिवस सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री नऊ वाजता आकडे लिहून ठेवा. लिहिण्याचे काम सासऱ्यांनाच द्या. मग शनिवारी चौघांनी बसून तो कागद पाहा. ‘तुम्ही बटण का फिरवता’ या प्रश्नापेक्षा ‘इथे १८ आणि तिथे १५, याचे काय करायचे’ हा प्रश्न फार वेगळा आहे, आणि त्यावर मुलगा नि वडील एका बाजूला बसू शकतात.

तेवढ्यातच बॉयलरचीही चौकशी करून घ्या. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून नवीन कॉम्बी बॉयलर बसवताना टायमर आणि थर्मोस्टॅट तर लागतातच, शिवाय बचतीची आणखी एक सोय द्यावी लागते : बाहेरच्या हवेप्रमाणे किंवा घराच्या गरजेप्रमाणे पाणी कमी-जास्त तापवणारे नियंत्रण, धुरातली उष्णता परत घेणारा भाग, किंवा स्मार्ट नियंत्रण. तुमचा बॉयलर २०१९ चा आहे, तेव्हा त्याच्यासोबत यातले काहीतरी आलेले असायला हवे. आधीच्या मालकांनी दिलेल्या कागदांत बॉयलरची पुस्तिका आणि बसवल्याच्या वेळची नोंद शोधा. कदाचित तुम्ही जे विकत घ्यायला निघाला आहात त्यातला अर्धा भाग घरात आधीच पडून असेल.

दुसरे म्हणजे रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान. बॉयलरच्या दर्शनी भागावर रेडिएटरचे चित्र असलेले बटण असते आणि ते अनेक घरांत बसवणाऱ्याने ७५ किंवा ८० अंशांवर सोडून दिलेले असते. आजचे बॉयलर धुरातल्या वाफेचे पाणी करून तिच्यातली उष्णताही वापरतात, पण त्यासाठी रेडिएटरांतून परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांहून थंड असावे लागते. म्हणून ते बटण ६० च्या आसपास आणून पाहा. रेडिएटर हाताला कमी चटका देतील, घर तापायला थोडा जास्त वेळ लागेल, पण तितक्याच उबेसाठी गॅस कमी जळेल. कडाक्याच्या थंडीत घर तापत नसेल तर थोडे वाढवा. मात्र एक काळजी : हे सरळ लागू होते ते कॉम्बी बॉयलरला. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी टाकीतले पाणी ६० अंशांखाली साठवू नये, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला जातीचे जीवाणू वाढतात. त्यांनी बटणाला हात लावण्याआधी इंजिनियरला विचारावे. याच फेरीत रेडिएटरांच्या वरच्या भागात हवा अडकली आहे का तेही पाहा. खालून गरम आणि वरून गार लागला तर छोट्या किल्लीने हवा काढावी लागते, आणि त्यानंतर बॉयलरवरचा दाब, यंत्र गार असताना, १ ते दीड बारच्या दरम्यान आहे ना, हे बघावे. लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, चढून तिथले ऊब धरून ठेवणारे लोकरीसारखे अस्तर किती जाड आहे तेही मोजा. सध्या शिफारस २७० मिलिमीटरची आहे. १९३० च्या दशकातल्या घरांत कित्येकदा त्याच्या निम्मेही नसते, आणि तसे असेल तर तुमच्या २०० पौंडांवर पहिला हक्क लॉफ्टचा आहे.

स्मार्ट मीटरबद्दलचा तुमचा गोंधळ फार जणांचा असतो. मीटर फक्त मोजतो आणि आकडा कंपनीला कळवतो. तो बॉयलरला हात लावत नाही. थर्मोस्टॅट बॉयलर चालू-बंद करतो. किती गॅस जळला हे त्याला मीटरइतके नेमके कळत नाही. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. मीटर फुकट मिळतो आहे तर अवश्य घ्या, कारण सोबतच्या छोट्या पडद्यावर रोजचा खर्च दिसतो आणि महिनाअखेरीच्या बिलाचा धक्का बसत नाही. फक्त तो पडदा पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवू नका.

हे सगळे पाहून झाल्यावर थर्मोस्टॅट घ्यावा का? माझ्या मते, हो, घ्यावा. कारण तुमच्या चकतीची जागा मुळातच चुकीची आहे, आणि बिनतारी थर्मोस्टॅट असला की मोजणारा भाग पुढच्या खोलीत नेता येतो. दुपारभर माणसे जिथे बसतात तिथले तापमान मोजले जाणे, हाच तुमच्या घराला होणारा खरा फायदा आहे. फोनवरून चालवता येणे ही त्यापुढची लहान सोय. त्या खोलीत मोजणारा भाग ठेवलात तर तिथल्या रेडिएटरची टोपी पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर टोपी आणि थर्मोस्टॅट एकमेकांशी झगडत बसतील. जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन, दाराची झुळूक, टीव्ही आणि रेडिएटर यांपासून दूर, अशी जागा निवडा. देवघर त्याच भिंतीला असेल तर निरांजनापासूनही चार हात लांब.

निवडताना माझी पहिली अट अशी की यंत्र भिंतीवर, हाताने, चष्मा न लावता चालवता आले पाहिजे. मोठे आकडे हवेत, आणि वाढवण्या-कमी करण्याची खरी बटणे किंवा फिरणारी कडी हवी. जे यंत्र फोनशिवाय आंधळे आहे, ते तुमच्या घरासाठी नाही. इंटरनेट बंद पडले तरी ते ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे बॉयलर चालवत राहते का, हेही विचारा.

दुसरी अट बॉयलरशी जुळण्याची. साधे स्मार्ट थर्मोस्टॅट बॉयलरला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच सांगतात. त्यापेक्षा चांगले ते, जे ‘थोडेच तापव’ असेही सांगू शकतात, म्हणजे घर हवे तितके तापत आले की बॉयलर मंद होतो आणि गॅस वाचतो. त्यासाठी दोघांची भाषा एक असावी लागते. ओपनथर्म ही अनेक कंपन्यांनी स्वीकारलेली अशी भाषा आहे, पण ब्रिटनमध्ये घरोघर दिसणाऱ्या वुस्टर बॉश आणि वेलंट या कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत आहे, अनुक्रमे ईएमएस आणि ई-बस. तेव्हा आधी बॉयलरचे नाव आणि मॉडेल लिहून घ्या, मग थर्मोस्टॅटच्या कंपनीच्या यादीत ते आहे का ते पाहा. त्या बॉयलर कंपनीचाच नियंत्रक घेणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते, जरी त्याचे ॲप दिसायला साधे असले तरी.

तिसरी अट आयुष्याची. जुनी चकती तीस वर्षे चालते. स्मार्ट यंत्र कंपनीची इच्छा असेपर्यंत चालते. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये युरोपात आपल्या ‘नेस्ट’ या नावाचे नवे स्मार्ट थर्मोस्टॅट आणणार नसल्याचे जाहीर केले, आणि पहिल्या दोन पिढ्यांच्या नेस्ट थर्मोस्टॅटचे फोनवरून नियंत्रण २५ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले. ती यंत्रे भिंतीवर हाताने चालतात, पण ज्या सोयीसाठी लोकांनी पैसे मोजले ती गेली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकाला सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार हे जाहीर करावे लागते, आणि सगळ्यांना सारखाच, सहज ओळखता येणारा पासवर्ड ठेवता येत नाही. ती तारीख शोधा. सापडत नसेल तर ती वस्तू घेऊ नका. आणि कोणत्या सोयी किमतीत आहेत आणि कोणत्या महिन्याच्या वर्गणीवर, हेही आधीच पाहा. काही कंपन्या स्वयंचलित सोयी वर्गणीमागे ठेवतात.

वरच्या रिकाम्या खोल्यांसाठी स्मार्ट टोप्या घेण्याचा मोह होईल. एकेकीची किंमत बरीच असते. दिवसा त्या खोल्यांच्या साध्या टोप्या २ वर आणून ठेवल्या तरी तुमचे काम भागेल. फक्त सासू-सासऱ्यांच्या बेडरूममध्ये एखादी स्मार्ट टोपी लावायला हरकत नाही, म्हणजे रात्री झोपण्याआधी ती खोली तापेल. या टोप्यांना तापमान एकदम उतरले की खिडकी उघडली असे समजून रेडिएटर बंद करण्याची खोड असते. सासूबाई फोडणीचा वास जावा म्हणून खिडकी उघडतात त्या स्वयंपाकघरात अशी टोपी असती तर ही खोड उपयोगीच ठरली असती.

आता बसवण्याबद्दल. न्यू जर्सीतल्या भावाचा व्हिडिओ कृपया बाजूला ठेवा. अमेरिकेत घरगुती हीटिंगच्या थर्मोस्टॅटच्या तारांत सहसा २४ व्होल्ट असतात. तिथे ‘सी’ तार, म्हणजे थर्मोस्टॅटला सतत वीज पुरवणारी तार, आहे की नाही यावर सगळी चर्चा चालते. तुमच्या भिंतीवरच्या चकतीमागे बहुधा २३० व्होल्ट आहेत, म्हणजे दिव्याच्या बटणामागे असतात तेवढेच. भारतातल्यासारखाच हा विजेचा पूर्ण दाब आहे, आणि त्या व्हिडिओतल्यासारखी उघड्या तारेला बोटे लावण्याची सहजता इथे जिवावर बेतू शकते. तिथून आणलेले यंत्रही इथे चालणार नाही. तारांच्या रंगांवरही विसंबू नका. ब्रिटनमधले रंग २००४ ते २००६ या काळात बदलले. त्याआधीच्या घरात लाल आणि काळ्या तारा सापडतात, आणि थर्मोस्टॅटकडून बॉयलरकडे परत जाणारी काळी तार दिसायला न्यूट्रल, म्हणजे सहसा विजेचा दाब नसलेली, वाटली तरी तिच्यात वीज असू शकते.

माझा सल्ला असा की तुम्ही बसवू नका. बॉयलरचे झाकण उघडून गॅसच्या भागाला हात लावण्याचा अधिकार फक्त ‘गॅस सेफ’ या ब्रिटनमधल्या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या इंजिनियरला आहे. बिनतारी थर्मोस्टॅटचा संदेश घेणारा भाग, म्हणजे रिसीव्हर, कॉम्बी बॉयलरला जोडायला बॉयलरच्या आत जावे लागण्याची शक्यता मोठी असते. बॉयलरची वार्षिक तपासणी तशीही करायची असतेच. त्याच भेटीत थर्मोस्टॅट बसवून घेतला तर वेगळ्या फेरीचे पैसे वाचतात. इंजिनियर आल्यावर त्याचे ओळखपत्र मागा, त्याच्या मागच्या बाजूला त्याला कोणती कामे करता येतात ते लिहिलेले असते. जुन्या चकतीच्या तारांचा फोटो काढून ठेवायला सांगा आणि जुनी चकती फेकू देऊ नका. जाण्यापूर्वी त्याला सासूबाईंच्या देखत एकदा तापमान वाढवून, बॉयलर पेटतो हे दाखवायला सांगा. त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारा अलार्म चालू आहे ना, तेही तपासून घ्या.

तुमची जी खरी भीती आहे, तिच्यावर माझे उत्तर यंत्राच्या सेटिंगमध्ये आहे तसेच घरातल्या कबुलीतही. दिवसाचे वेळापत्रक चौघांनी मिळून ठरवा : समजा सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत २०, दुपारी दोन ते सहा सासरे वाचत बसतात तेव्हा २१, रात्री १७ किंवा १८. बऱ्याच यंत्रांत कमाल मर्यादा ठेवता येते. ती २३ वर ठेवा. म्हणजे चुकून कुणी खूप वाढवले तरी बॉयलर धावत सुटणार नाही, आणि त्या मर्यादेच्या आत मात्र भिंतीवरचे बटण सर्वस्वी सासू-सासऱ्यांचे. यजमानांनी कार्यालयातून ते खाली आणायचे नाही. आणावेसे वाटलेच तर आधी घरी फोन करून ‘आई, थंडी वाजते आहे का?’ असे विचारायचे. ही अट मी तुमच्यासाठी नव्हे, त्यांच्यासाठी घालते आहे. चाळीस मैलांवरून आई-वडिलांच्या खोलीचे तापमान न विचारता उतरवणे हे त्यांना स्वतःलाही नंतर बोचेल, असे तुमच्या पत्रातून त्यांची जी ओळख झाली त्यावरून वाटते. ॲप तुमच्या फोनवरही असू द्या, एकट्या त्यांच्याच नको. यंत्राशेजारी मोठ्या अक्षरांत मराठीत एक कागद लावा : वाढवायचे तर हे बटण, तासाभराने आपोआप पूर्ववत होईल, काही अडले तर मला फोन.

ज्यांचे घर भाड्याचे आहे त्यांनी घरमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय थर्मोस्टॅट बदलू नये. थर्मामीटर, कपड्यांची जागा आणि रेडिएटरच्या टोप्या एवढ्याने त्यांचेही बरेच काम होईल. ज्यांच्याकडे हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता आत आणून घर तापवणारे विजेचे यंत्र, आहे त्यांना दिवसातून चार वेळा तापमान खाली-वर करणे महागात पडते. त्यांनी एकच आकडा धरून ठेवावा आणि पंपासोबत आलेलेच नियंत्रण वापरावे.

एप्रिलच्या अखेरीस सासू-सासरे सांगलीला परतले आणि तुमचे घर दिवसा खरोखर रिकामे राहू लागले, की मगच तो ‘घरी कुणी नाही’ हा पर्याय चालू करा. पुढच्या ऑक्टोबरात ते पुन्हा येणार असतील, तर विमानतळावर त्यांना आणायला निघण्याआधी तो बंद करायचा आहे, हे आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. आणि सासऱ्यांनी लिहिलेले तीन दिवसांचे आकडे मला जरूर पाठवा. पुढची खोली १६ च्या खाली जात असेल तर त्या मोठ्या खिडकीबद्दल आपल्याला वेगळे बोलावे लागेल.